धान्याच्या खोलीची चावी एकाच माणसाकडे असावी का?

रामबाग, इंदूर:
आमच्या भागात दर रविवारी गरजू घरांना शिधा दिला जातो. राबणारे सगळे बिनपगारी. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळतं, पण डाळ-तेलाचं काय, म्हणून हे काम. मध्यंतरी काम बघणाऱ्या काकूंना लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला जावं लागलं. खोलीची चावी त्यांच्याकडे, कुठल्या घराला किती द्यायचं तेही त्यांच्याच डोक्यात. चावी येईपर्यंत दोन रविवार गेले. बायका रिकाम्या पिशव्यांची घडी घालून परत गेल्या, ते मला बघवलं नाही.

काकूंनी सियागंजच्या घाऊक बाजारात भर उन्हात उभं राहून पोती टेम्पोत चढवून घेतलेली मी पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तरी ठामपणे म्हणतो, आपल्यावाचून काम अडू नये याची तजवीज करणं हा पुढाकार घेणाऱ्याचा पहिला गुण. दोन चाव्या, एक वही आणि दर वर्षी नवा माणूस.

सुदामा नगर:
चाव्या दोन करा, माणूस मात्र दर वर्षी बदलू नका. व्यापारी उधारीवर पोतं देतो ते तोंडाकडे बघून, वहीकडे बघून नाही. आम्ही पाळ्या लावून बघितल्या. नवं पोतं आधी फुटलं, जुनं मागे राहिलं, आणि उघडलं तेव्हा तूरडाळीत भुंगे वळवळत होते. ज्याला विचारावं तो म्हणे, मला वाटलं दुसरा बघेल. बारभाईची खेती झाली सगळी. अर्धं पोतं टाकून द्यावं लागलं आणि दात्यासमोर मान खाली गेली. एकाच्या जिवाला घोर लागल्याशिवाय धान्य सांभाळलं जात नाही.

परदेशीपुरा:
तुम्ही दोघंही पोत्यांबद्दलच बोलताय. मी वाटपाच्या टेबलावर बसते. १९९१मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली, तिथे राबलेले एक आजोबा आमच्याकडे येतात. पिशवी घेताना वर बघत नाहीत. एकदा त्यांनी तांदूळ हळूच परत ठेवला, साखरेचा त्रास आहे म्हणाले. आमच्यातला एक मुलगा बोलून गेला, "मिळतंय ते घ्या." आमच्या ताई त्याला काही बोलल्या नाहीत. उठून तांदळाऐवजी ज्वारीचं पीठ दिलं, आणि पुढच्या रविवारपासून बांधलेल्या पिशव्याच बंद केल्या. सामान टेबलावर मांडतो, ज्याचं त्यानं निवडायचं. आता आजोबा मुगाची डाळ हातात घेऊन बघतात, मग ठरवतात. मला हा गुण सगळ्यात मोठा वाटतो, आणि तो वहीत उतरत नाही.

रामबाग:
ताई, वाचून गलबलून आलं. पण उद्या तुमच्या ताई नसल्या तरी सामान टेबलावरच मांडलं जाईल ना? त्यांनी पद्धत पाडून दिली म्हणूनच. माझं म्हणणं तेवढंच आहे.

परदेशीपुरा:
टेबल मांडलं जाईल हो. पण त्या मुलाच्या तोंडून परत तसं निघालं तर उठणारं कुणी तरी लागेलच.

लोकमान्य नगर:
मी बँकेत कॅशला होतो. तिजोरीच्या चाव्या दोघांकडे आणि त्यांचा दुसरा जोड दुसऱ्या शाखेत ठेवलेला. चावीवाला आजारी पडला तरी खातेदार रिकाम्या हातानं परत जायला नको. काकूंना हे नीट समजावलंत तर त्यांना वाईट वाटणार नाही.

सुदामा नगर:
काका, चावीला माझी ना नव्हतीच. पण रामबागवाल्यांना विचारतो, सियागंजात ओळख करून घ्यायला काकूंबरोबर तुमच्यापैकी किती जण गेलात? आमच्याकडे माणूस बदला म्हणणारे पुष्कळ, पोत्याला हात लावणारे दोन.

रामबाग:
एकही नाही, मीसुद्धा नाही. काकू परवा आल्या. मंगळवारी खरेदीला त्यांच्याबरोबर जातोय, चावीचं तेव्हाच बोलेन. वर्षाचा आग्रह मात्र अजून सोडलेला नाही.