मदत हवी आहे: लर्निंग डिसॅबिलिटी असलेल्या मुलांना कॉम्प्युटरवर लेखन शिकवायचंय, कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?

पानगळ
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे. माझ्याकडे लर्निंग डिसॅबिलिटी असलेली काही मुलं आहेत, त्यांच्यासाठी लॅबमध्ये वेगळा तास मिळालाय. हाताने लिहायचा त्रास वाचेल म्हणून मीच मागे लागून घेतला. पण कॉम्प्युटरसमोर बसूनही गाडी दोन-तीन ओळींच्या पुढे जात नाही. तोंडी विचारलं तर भडाभडा बोलतात, लिहा म्हटलं की ठप्प. आमच्या बाई लवकरच तास बघायला येणार आहेत. एखादं चांगलं सॉफ्टवेअर किंवा अ‍ॅप सांगा, फुकट असेल तर बरं. प्लीज लेक्चर नको, नुसतं नाव सांगा.

टकटक
कितवीतली मुलं? कुठल्या भाषेत लिहितायत? कीबोर्ड कुठला? टायपिंग येतं का? यातलं काहीच न सांगता नाव मागताय, कोण काय सांगणार?

जुनाखोड
दुरेघी वही आणि रोज एक पान शुद्धलेखन. आमच्या वेळी असली नावं नव्हती आणि मुलं लिहायची. कॉम्प्युटरने हात आणखी आळशी होतो.

श्रेयाची_आई
@जुनाखोड, काका, तुमच्या वेळी अशी मुलं मागच्या बाकावर बसायची आणि मग शाळा सोडायची, म्हणून दिसली नसतील. माझ्या मुलीला डिसग्राफिया आहे, म्हणजे हाताने लिहिणंच जड जातं, पानंच्या पानं गिरवून झाली, अक्षर तसंच आणि वर बोटं दुखतात.
ताई, सरळ व्हॉइस टायपिंग लावा. गूगल डॉक्समध्ये मराठी आहे, पैसे लागत नाहीत. तुम्हीच म्हणताय ना बोलतात म्हणून! माझी मुलगी आता पानभर निबंध सांगते.

टकटक
एका खोलीत पाच-सहा मुलं एकदम बोलायला लागली की माइक कोणाचं काय उचलेल देव जाणे. शिवाय मराठीत पूर्णविराम आपोआप पडत नाही, पानभर एकच वाक्य येतं. ते नंतर वाचून दुरुस्त कोण करणार? ज्याला वाचायलाच जड जातं तो?

श्रेयाची_आई
घरी एकटीच असते त्यामुळे आम्हाला तो प्रश्न आला नाही. पूर्णविराम मी घालते.

रिकामटेकडा
लॅपटॉप घेणार असाल तर आठ जीबी रॅम आणि एसएसडी बघूनच घ्या.

पानगळ
लॅपटॉप घ्यायचा नाहीये हो, लॅब आहे शाळेत.
सहावी-सातवी. मराठीत. साधाच कीबोर्ड आहे, मराठी फोनेटिकने टाइप करतात, घर साठी जीएचएआर तसं. काहींची तपासणी झालीय, डिसलेक्सियाचा (वाचन-स्पेलिंग जड जाण्याचा) रिपोर्ट आहे, काहींची नाही. आता सांगा नाव.

अर्धविराम
अहो फोनेटिक म्हणजे त्या पोरांना दुप्पट ओझं! मराठी शब्दाचे आवाज डोक्यात फोडायचे, मग त्यांची रोमन अक्षरं शोधायची, त्यात बहुतेक फोनेटिकमध्ये ण आणि ळ ला कॅपिटल. ज्या पोराचा इंग्रजी स्पेलिंगशी आधीच छत्तीसचा आकडा, त्याला मराठी लिहायलाही तेच दार. इन्स्क्रिप्ट शिकवा, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड लेआउट. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. के वर क, शिफ्ट धरलं की ख. आय वर ग, शिफ्टने घ. ऱ्हस्व वेलांटी एफ वर आणि दीर्घ तिच्या वरच्याच ओळीत आर वर. आणि मुख्य म्हणजे कि लिहिताना आधी क दाबायचा, मग वेलांटी, उच्चारतो त्याच क्रमाने. वहीत वेलांटी आधी काढावी लागते तिथे ही मुलं हमखास गोंधळतात.

कीबोर्डवाला
झालं, इन्स्क्रिप्ट संप्रदाय आला. सहावी-सातवीच्या पोराला नवा लेआउट शिकवण्यात वर्ष जाईल. फोनेटिकला काय झालंय, निम्मं जग त्याच्यावर लिहितं. सूचना पण येतात खाली, दोन अक्षरं टाकली की शब्द निवडायचा.

अर्धविराम
निम्म्या जगाला डिसलेक्सिया नाहीये. सूचनांमधला बरोबर शब्द ओळखायलाही वाचावं लागतंच. आणि वर्ष वगैरे काही जात नाही, रोज थोडा वेळ आणि आठवड्याला चार-पाच कळा घेतल्या तर

कीबोर्डवाला
तर काय? वाक्य पूर्ण करा, का इन्स्क्रिप्टवर अडकलात 😄

निशिगंध
तुमचं चालू द्या. मी विशेष शिक्षिका आहे, याच मुलांबरोबर काम करते. पानगळ ताई, एक नीट सांगा, मुलं स्क्रीनवर बसून लिहितात म्हणजे नेमकं काय करतात? विषय दिल्यापासून पहिल्या ओळीपर्यंत काय होतं?

पानगळ
विषय देते, ती आधी वहीत कच्चं लिहितात, मी तपासून चुका लाल करते, मग तेच फेअर करून टाइप करायचं. सगळे असंच करतात ना? चुकीचं टाइप करून काय उपयोग?

टकटक
हे आता सांगताय!

निशिगंध
मग अडतंय ते इथे. जे जड जातं ते सगळं त्यांनी वहीत आधीच सोसलंय, कॉम्प्युटर आला तो नुसत्या नकलेला. वर वहीतून स्क्रीनवर उतरवणं हा या मुलांना वेगळा त्रास, ओळ हरवते, मधला शब्द गळतो. कॉम्प्युटरचा फायदा काय, तर मोडतोड फुकट असते. वाक्य वर-खाली करा, पुसा, परत लिहा, पान घाण होत नाही. तो फायदा कच्च्या लेखनात घ्यायचा असतो आणि तुम्ही नेमका तिथेच तो काढून घेतलाय.
दुसरं, कळा शोधण्यात लक्ष गेलं की काय म्हणायचं होतं ते डोक्यातून उडतं. हाताने लिहिण्यापेक्षा टायपिंग हळू असेल तर लेखन सुधारत नाही, उलट खालावू शकतं. म्हणून टायपिंगला रोज दहा मिनिटं वेगळी द्या, लेखनाच्या तासात ते मिसळू नका. इन्स्क्रिप्ट की फोनेटिक यावर मला भांडायचं नाही, पण डिसलेक्सियाचा रिपोर्ट असलेल्यांना मी इन्स्क्रिप्टच देते.

अर्धविराम
धन्यवाद.

निशिगंध
आणि सॉफ्टवेअरचं नाव मागताय म्हणून सांगते. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांवरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले होते. वर्ड प्रोसेसर वापरण्याचा परिणाम (इफेक्ट साइझ, शून्य म्हणजे काहीच फरक नाही) ०.५५ आला, म्हणजे चांगलाच. पण आराखडा कसा करायचा, मसुदा कसा सुधारायचा हे पायरीपायरीने शिकवण्याचा आला ०.८२. नुसतं मशीन समोर ठेवून हे दुसरं होत नाही.
माझ्याकडे एक मुलगा होता, बागेबद्दल लिहीत होता. घसरगुंडी टाइप केलं, खाली लाल रेघ आली. एक वेलांटी बदलली, रेघ तशीच. मग त्याने बॅकस्पेस धरून अख्खा शब्द पुसला आणि तिथे खेळ असं लिहिलं. रेघ गेली, तो खूश. पुढचं सगळं लेखन असंच, येणाऱ्या शब्दांपुरतं. त्या लाल रेघा पहिल्या मसुद्याला बंद करा, एवढं तरी कराच. स्पेलचेक शेवटी लावायचा, तोही भरवशाचा नाही, दिन आणि दीन दोन्ही त्याला बरोबरच वाटतात.

जुनाखोड
म्हणजे चुकलेलं तसंच राहू द्यायचं? वा.

निशिगंध
पहिल्या खेपेला, हो. दुसऱ्या खेपेला कॉम्प्युटरकडून वाचून घ्यायचं. एनव्हीडीए हे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातल्या ई-स्पीक या आवाजाला मराठी येतं, आवाज यांत्रिक आहे पण ते सोयीचंच पडतं, जे लिहिलंय तेच वाचतो, आपल्यासारखा मनाने शब्द भरत नाही. गळलेला शब्द मुलाला लगेच कानाला खटकतो. दर वेळी एकच गोष्ट दुरुस्त करायला सांगा, आज फक्त गळलेले शब्द, उद्या फक्त पूर्णविराम. आणि काका, पहिली-दुसरीत हाताने लिहिण्याचा सराव लागतोच, त्यावर माझा तुमच्याशी वाद नाही. ही सहावी-सातवीची मुलं आहेत.

श्रेयाची_आई
व्हॉइस टायपिंग मग चूक का?

निशिगंध
चूक मुळीच नाही. वर्गात मी ते आराखड्यासाठी वापरते. एकेकाने बाहेर जाऊन मोबाइलमध्ये चार-पाच मुद्दे बोलायचे, ते स्क्रीनवर समोर ठेवायचे आणि त्यांच्याखाली वाक्यं टाइप करायची. कोऱ्या पानाची भीती तिथेच निम्मी होते. पण बोलून आलेलं जसंच्या तसं निबंध म्हणून द्यायचं असेल तर ते सुधारायलाही शिकवावं लागेल.

मनमौजी_८१
डिसलेक्सियासाठी खास फॉन्ट असतो ना, ओपनडिसलेक्सिक? तो टाका, अक्षरं नाचायची थांबतात.

टकटक
त्यात देवनागरी नाही. रोमनमध्येही त्याचा फारसा फायदा दिसलेला नाही. अक्षरं मोठी करा, मध्ये अंतर वाढवा, त्याने फरक पडतो.

पानगळ
निशिगंध ताई, वहीतलं कच्चं लेखन उद्यापासून बंद करते, बाईंना काय सांगायचं ते बघू. लाल रेघा मात्र कशा घालवू? लॅबच्या सेटिंगला पासवर्ड आहे, तो सरांकडे आणि सर रजेवर.

कीबोर्डवाला
वर्ड असेल तर पासवर्ड कशाला लागतोय. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, तिथे अगदी खाली जा, 'हाइड स्पेलिंग एरर्स इन धिस डॉक्युमेंट ओन्ली' वर टिक करा. त्याच्या खाली ग्रामरचं पण आहे.

पानगळ
मिळालं! नव्या फाइलमध्ये परत येणार का?

कीबोर्डवाला
येणार, ते त्या फाइलपुरतंच असतं. एक कोरी फाइल तशी करून ठेवा, फॉन्ट आणि ओळींमधलं अंतर पण त्यातच वाढवून घ्या, आणि दर वेळी मुलांना तिचीच कॉपी द्या.