शाळेला कमान द्यायची की एईडी मशीन? आमच्या बॅचमध्ये दोन तट पडलेत

रिवाइंडिंगवाला, तासगाव तालुका

मंडळी, सल्ला पाहिजे. रथोत्सवाला सगळे गावाकडं आले होते, तेव्हा आमच्या दहावीच्या बॅचनं शाळेसाठी वर्गणी काढायचं ठरवलं. लाख-सव्वा लाख जमतील. आता ग्रुपवर रोज वाजतंय. निम्मे म्हणतात गेटला कमान बांधू, वर बॅचचं नाव घालू. मी आणि पुण्यात नोकरीला असलेले दोघं-तिघं म्हणतोय एईडी घेऊ. माणूस अचानक कोसळला तर हृदयाला शॉक देणारं मशीन. पुण्यातल्यांच्या कंपनीत ते लिफ्टशेजारी भिंतीला लावलेलं असतं म्हणे.

माझा धंदा मोटारी बांधायचा. करंटनं माणूस जातो हे मला कुणी शिकवायला नको, स्टार्टरच्या पेटीला चिकटलेली माणसं आमच्या भागात दर हंगामात ऐकू येतात. मग तोच करंट माणसाला जगवतो कसा? दुसरं, पोरगं नुसतं उन्हानं चक्कर येऊन पडलं आणि मास्तरांनी घाबरून शॉक दिला तर? काही बरं-वाईट झालं तर गाव कुणाची गचांडी धरणार? आणि कमानवाले म्हणतात, "मशीन कपाटात धूळ खाणार, कमान निदान रस्त्यावरून दिसते." ह्यावर मला काही बोलता येईना.

भूलतज्ज्ञ, मिरज

दादा, सिनेमात सरळ रेषा दिसली की शॉक देतात ते विसरा. अचानक कोसळलेल्या माणसाचं हृदय पुष्कळदा थांबलेलं नसतं. त्याचे स्नायू ताळतंत्र सोडून नुसते थरथरत असतात आणि रक्त पुढं जात नाही. ह्याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. स्टार्टरला चिकटलेल्या माणसाचंही बऱ्याचदा हेच होतं. मशीन क्षणभराचा, मोजून शॉक देतं, मोठ्या माणसाला साधारण १५० ते २०० ज्यूल. त्यानं ती थरथर एका झटक्यात थांबते आणि हृदयातला ठोका सुरू करणारा भाग पुन्हा ताबा घेऊ शकतो.

चुकून शॉक बसेल ही भीती काढून टाका. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरं डाव्या काखेखाली बरगड्यांवर चिकटवलं की मशीन स्वतः ईसीजी वाचतं. ठोके नीट असतील तर बटण कितीही दाबा, शॉक सुटत नाही. रेषा सरळ असेल तरी सुटत नाही, "छाती दाबत राहा" एवढंच सांगतं. पॅड लावण्याआधी छाती पुसून कोरडी करायची. आठ वर्षांखालच्या किंवा २५ किलोच्या आतल्या मुलाला लहान पॅड किंवा मशीनवरचं मुलांचं बटण वापरतात. ते नसलं तर मोठी पॅड चालतात, फक्त एक छातीवर आणि एक पाठीवर लावायचं, म्हणजे एकमेकांना टेकत नाहीत.

मला काळजी वेगळीच आहे. कोसळलेलं पोर आचके देतं, घशातून घरघर येते, हातपाय झटकतं. बघणारे म्हणतात "फिट आली, कांदा हुंगवा." तो श्वास नव्हे. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं कळलं की एकानं १०८ लावायचा, दुसऱ्यानं मशीनकडं पळायचं, तिसऱ्यानं छातीच्या मधोमध दाबायला लागायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटीमीटर आत गेली पाहिजे. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. तुमच्या गावात ॲम्ब्युलन्स किती वेळात पोचते, तुम्हीच हिशोब करा.

एक पालक, विटा

डॉक्टर मॅडमचा मान राखून बोलतो. शाळेतल्या पोरांचं हृदय असं कितीदा बंद पडतं? आमच्याकडं मुलींच्या संडासाला दार नाही, पाण्याची टाकी गळते. लाखाचं मशीन ही शहरी हौस वाटते मला. २०२१ मध्ये फुटबॉलच्या युरो कपात तो डेन्मार्कचा खेळाडू एरिक्सन मैदानात पडला आणि वाचला, खरं आहे, पण तिथं डॉक्टर कडेलाच उभे होते.

भूलतज्ज्ञ, मिरज

दाराचं आधी करा, वादच नाही. मुलांमध्ये हे क्वचितच होतं हेही कबूल. विहिरीत बुडालेल्या पोराचा तर आधी श्वास जातो, तिथं तोंडानं श्वास देणं शॉकपेक्षा महत्त्वाचं. पण शाळेत फक्त पोरं असतात का? मतदान केंद्र तिथंच असतं, एप्रिल-मेच्या उन्हात म्हातारी माणसं रांगेत उभी असतात. २०१९ च्या महापुरात पलूस-वाळव्याची माणसं शाळांमध्येच राहिली. स्नेहसंमेलनाला आजी-आजोबा येतात. शिक्षकांचीही वयं झालेली असतात.

आणि एक फुकटातलं सांगते. जे पोर पळताना चक्कर येऊन पडतं, पळून झाल्यावर नव्हे, पळता पळता, त्याला ग्लुकोज पाजून परत रांगेत उभं करू नका. ईसीजी काढा. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर नक्कीच काढा. हृदयाचा स्नायू जाड असणं किंवा ठोक्याच्या विजेतला जन्मजात दोष तिथंच सापडू शकतो.

पीटी मास्तर, कोरेगाव

विट्याच्या भाऊंना एवढंच सांगतो की लेदर बॉल छातीवर बसून निरोगी पोरगंही कोसळू शकतं. ठोक्याच्या नेमक्या क्षणाला मार बसला तर ती थरथर सुरू होते. मी मुलांना सीझनच्या बॉलसमोर छाती घालू देत नाही.

बाकी कपाटाबद्दल कमानवाले बरोबर बोलतात. माझ्या ओळखीच्या एका शाळेत मशीन आलं, हार घातला, फोटो निघाला. मग एका शनिवारी सकाळच्या शाळेत आम्ही लुटुपुटीचा सराव घेतला. पोरगं मैदानात आडवं पडलं, दुसरं मशीन आणायला सुटलं. मशीन हेडसरांच्या केबिनमध्ये, केबिनला कुलूप, चावी क्लार्ककडं, क्लार्क पंचायत समितीत. पडलेलं पोरगं कंटाळून उठून पाणी प्यायला गेलं. नंतर शिपाईमामांनीच तोडगा काढला. ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात, घंटेच्या शेजारी, दार उघडलं की अलार्म वाजणारी पेटी बसवली, कुलूप नाही. पॅडची मुदत खडूनं फळ्यावर लिहून ठेवलीय आणि मशीन तयार असल्याचा हिरवा दिवा रोज मामाच बघतात. शिक्षकांची बदली होते, मामा तिथंच असतात.

रिवाइंडिंगवाला, तासगाव तालुका

मॅडम, म्हणजे हे ट्रिप करून रिसेट करण्यासारखं झालं. आता डोक्यात शिरलं. पण कायद्याचं काय? आणि ते कुलूप नसलेलं मशीन चोरीला गेलं तर? आमच्याकडं बोअरची केबल राहत नाही.

भूलतज्ज्ञ, मिरज

ज्याला स्वतःला संमती देता येत नाही, त्याच्या भल्यासाठी सद्हेतूनं केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये संरक्षण आहे. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्यांसाठीचं कलम १३४अ मोटार वाहन कायद्यात आहे, ते वेगळं, दोन्हींची गल्लत करू नका. चोरीवर माझ्याकडं औषध नाही.

पैसे सगळे मशीनवर घालू नका. पॅडचं जेल वाळतं, साधारण दोन वर्षांत ती बदलावी लागतात. बॅटरीही काही वर्षांनी नवी लागते. त्यासाठी रक्कम बाजूला काढा. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, बहुतेक मशीनना ५० अंशांपर्यंतच चालतं. आणि छाती दाबायला पोरांनाच शिकवा. १२ वर्षांपासून वर्षाला दोन तास शिकवावं, ह्या उपक्रमाला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्येच पाठिंबा दिलाय. आठवी-नववीची पोरं मोठ्यांपेक्षा कमी लाजतात.

रिवाइंडिंगवाला, तासगाव तालुका

ग्रुपवर सगळं टाकलं. पेटीवर बॅचचं नाव रंगवू म्हटल्यावर कमानवाल्यांतले चौघं फुटले, एकानं फक्त "फोटोत येईल अशा उंचीवर लावा" एवढी अट घातली. मास्तर, छाती दाबायच्या सरावाचा तो रबरी पुतळा तुमच्याकडं आहे का? १५ ऑगस्टच्या आधी एक दिवस उसना मिळाला तर मी स्वतः गाडी घेऊन येतो.

पीटी मास्तर, कोरेगाव

आहे, पण त्याची एक स्प्रिंग बसलीय. तुम्ही मोटारीवाले, येताना हत्यारं घेऊन या.