मदत हवी आहे: आईच्या गुडघ्यांसाठी पाण्यातले व्यायाम, पण तरंगायचा पट्टा काखेत सरकतो

नमस्कार मंडळी,

आई ६३ वर्षांची. दोन्ही गुडघ्यांची झीज आहे, उजव्याची जास्त. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन इतक्यात नको, आधी मांडीचे स्नायू बळकट करा. पण चालायला गेली की दहाव्या मिनिटाला गुडघा धरतो आणि रात्री सुजतो. म्हणून फिजिओताईंनी पाण्यातले व्यायाम सुचवले. कमरेला फोमचा पट्टा बांधून खोल पाण्यात उभं तरंगायचं आणि तळाला पाय न टेकवता चालायचं.

तलावावर दुपारी बायकांची पाऊण तासाची बॅच असते, मीही तिच्यासोबत उतरते. पण पाच मिनिटांत पट्टा वर सरकत काखेपर्यंत येतो आणि आई पुढे कलंडते. परवा नाकातोंडात पाणी गेलं. तेव्हापासून कठडा सोडायला तयार नाही.

आई मुळात पाण्याला भिणारी नाही. माहेरच्या विहिरीत पाठीला सुके भोपळे बांधून पोहायला शिकलेली आहे. पट्टा पाहिल्यावर म्हणाली होती, "हा तर भोपळाच की गं." लग्नानंतर मात्र पाण्यात उतरणं झालंच नाही. पहिल्या दिवशी पाण्यात पाय हलवताना गुडघा दुखत नाही हे तिला कळलं, तेव्हाचा तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आहे. म्हणून हे सुटू नये असं फार वाटतं.

पट्टा नेमका कुठे आणि किती घट्ट बांधायचा? छातीभर पाण्यात केलं तर उपयोग होईल का? बीपीची गोळी चालू आहे, बीपी आटोक्यात आहे.

केळफूल:
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. पट्टा बेंबीच्या पातळीवर हवा, जाड फोम पाठीकडे. कोरड्यात घट्ट वाटला तरी ओला झाल्यावर बंद सैल पडतो, म्हणून पाण्यात उतरल्यावर कठड्याला धरून पुन्हा आवळा. दोन बोटं जेमतेम जातील इतकाच सैल. तरीही सरकला तर लहान माप घ्या. फोम फक्त पाठीला असेल तर पाणी पाठच वर ढकलतं आणि माणूस पालथा होऊ लागतो. सगळीकडून सारखा फोम असलेला पट्टा आईंना बरा पडेल.

पायही बघा. ते मागे फेकले की अंग आडवं होतं. सायकल मारल्यासारखे कमरेखालीच फिरवायला सांगा, नजर समोर. बेडकासारखे पाय मारणं झिजलेल्या गुडघ्याला सोसत नाही, ते टाळा.

छातीभर पाण्यात जरूर सुरू करा. कमरेइतक्या पाण्यात पायांवर साधारण निम्मं वजन येतं, छातीइतक्या पाण्यात जवळपास एक तृतीयांश. भीती गेली की खोल पाण्यात जा. पाण्यात नाडी जमिनीवरच्यापेक्षा कमी भरते, त्यामुळे आकड्यामागे लागू नका. बोलता येईल इतपत दम लागला म्हणजे ठीक. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच बाहेर. आणि हा पट्टा जीवरक्षक नव्हे. तुम्ही हाताच्या अंतरावरच राहा.

विद्या_नाशिक:
माझ्या सासूबाईंना बाहेर येतानाच त्रास व्हायचा. पाण्यातून निघताना वजन एकदम पायावर येतं. उभ्या शिडीऐवजी पायऱ्या असतील तिथून, दांडा धरून, थांबत थांबत आणा.

धागाकर्ती:
दोघींचे मनापासून आभार. फोम खरंच फक्त पाठीलाच होता. आज पट्टा बाजूला ठेवून छातीभर पाण्यात चाललो, मी तिचे दोन्ही हात धरून उलटी चालत होते. वीस मिनिटं झाली. शेवटी एक हात तिने स्वतःहून सोडला. सगळीकडून फोम असलेला पट्टा मागवलाय. एकच राहिलं. दुपारीही पाणी गारच असतं, उतरल्यावर पहिली काही मिनिटं तिचे गुडघे आखडतात. आधी काठावर काही हालचाली करून घ्याव्यात का?

केळफूल:
हो. खुर्चीत बसून पाय सरळ करणं आणि दुमडणं, प्रत्येकी दहा वेळा. मग पाण्यात पहिली पाच मिनिटं नुसतं सावकाश चालू द्या.