मदत हवी आहे: मराठी नावांच्या फाइली लिनक्सवर 'नाव फार लांब' म्हणून कॉपी होत नाहीत

पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या फोटोंचा संग्रह एक्सफॅट डिस्कवरून उबुंटू २२.०४ वर (लिनक्सचाच एक प्रकार), ईएक्सटी४ मध्ये आणायचा आहे. एक्सफॅट आणि ईएक्सटी४ या डिस्कवर फाइली साठवायच्या दोन पद्धती. कॉपी करणारा 'सीपी -ए' बाकी सगळं आणतो, पण लांब नावांच्या फाइली गाळतो. डिस्कवर यादी दाखवणाऱ्या 'एलएस'ला त्या नीट दिसतात.

कारण कळलं आहे. ईएक्सटी४ मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या संकेतपद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. मात्रा, अनुस्वार, हलन्त वेगळे मोजायचे. 'पुणे' दिसायला दोन अक्षरं, पण १२ बाइट! म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. एक्सफॅट बाइट न मोजता यूटीएफ-१६ या दुसऱ्या संकेतपद्धतीची २५५ एककं मोजतं, आणि तिच्यात देवनागरीचं चिन्ह एकच एकक घेतं, म्हणून तिथे खपतं. पेठ, वाडा, चौक, दिशा सगळं नावातच लिहिल्यावर ८५ कुठे पुरणार?

लांब नावं 'फाइंड' कमांडने शोधली आहेत. अडलंय ते तोडण्यात. मजकूर कापणारा 'कट -सी' इथे बाइटच मोजतो, चिन्हाच्या मध्येच कापतो. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतला, अख्खं अक्षर ओळखणारा '\एक्स' मात्रा सांभाळतो, पण जोडाक्षर हलन्तावर तोडतो. 'क्ष'चा नुसता 'क्' उरतो.

जोडाक्षर न मोडता, एक्स्टेन्शन राखून, २४० बाइटांत नाव बसवणारी स्क्रिप्ट कुणाकडे आहे का? छाटल्यावर दोन नावं सारखी झाली तर नाव बदलणारा 'एमव्ही' न विचारता आधीची फाइल पुसतो. त्याला '-एन' (आधीची पुसू नको) दिला तर दुसरी तिथेच राहते, म्हणून शेवटी क्रमांक लागायला हवा. जुनं-नवं नाव एका यादीतही हवं, कारण वाड्याची माहिती फक्त त्या नावातच आहे.