पार्ल्यातल्या घराच्या अंगणात लायटी लावायच्यात, 14 फ्लडलाइट खरंच लागतात का?

अंगण_पार्ले

नमस्कार मंडळी, पार्ले पूर्वेला आमचं जुनं घर आहे, तळमजला, वर एक मजला आणि गच्ची. पुढे अंगण आहे, मुंबईच्या मानाने मोठंच म्हणायचं. गेटपासून ओट्यापर्यंत शहाबादी फरशीची वाट, ओट्याला तीन पायऱ्या, उजवीकडे आजोबांनी लावलेला आंबा ज्याच्या फांद्या गच्चीच्या वरपर्यंत गेल्यात, डावीकडे दोन माड, कंपाउंडच्या भिंतीला लागून चाफा आणि ओट्यासमोर तुळशीवृंदावन. घराचं वायरिंग बदलतोच आहोत तर बाहेरच्या लायटीही पावसाळ्याआधी करून घ्याव्यात असं ठरलं.

कॉन्ट्रॅक्टरने कोटेशन दिलंय 50 वॅटचे 14 फ्लडलाइट, सगळे 6500 केल्व्हिनचे, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचे, कंपाउंडच्या भिंतीवरून आत मारायचे. एक सॅम्पल लावून दाखवला तर ओट्यावर बसलेल्या आईने डोळ्यांवर हात धरला आणि एवढा उजेड असून तिला पायऱ्या काही नीट दिसेनात. शेजारच्या बिल्डिंगच्या बेडरूम आमच्या अंगणावरच उघडतात, तो वेगळा प्रश्न. मला झाडं छान दिसायला हवीत, आईला रात्री गेटपर्यंत निर्धास्त जाता यायला हवं, आणि दर पावसाळ्यात दुरुस्ती नको. सोलर घ्यावं का? 12 व्होल्टचं चांगलं असतं म्हणतात ते खरं का? बजेट साठ हजारांच्या आसपास.

उजेडकर

आधी ते कोटेशन बाजूला ठेवा. 50 वॅटचा एलईडी फ्लड साधारण 5000 ल्युमेन (उजेड मोजायचं एकक) देतो, असे 14 म्हणजे 70,000 ल्युमेन, आणि वाटेवर लावायचा छोटा दिवा 100-200 ल्युमेनमध्ये भागतो, यावरून काय ते समजा. आईंना पायऱ्या का दिसल्या नाहीत तेही यातच आहे. फ्लड समोरून डोळ्यात आला की बाहुली बारीक होते आणि बाकी सगळं काळं दिसायला लागतं. आणि पायरी दिसते ती तिच्या कडेमुळे, वरची फळी उजळ आणि उभा भाग काळपट असेल तर, सगळीकडून सारखाच उजेड पडला की ती कड गायबच होते. म्हणून पायऱ्यांना बाजूच्या भिंतीत खाली फूट लॅम्प द्या, 2-3 वॅटचे, ज्यांचं तोंड खाली असतं आणि एलईडी बाहेरून दिसत नाही. तीन पायऱ्यांना दोन पुरतात.

माझा नियम एकच आहे, दिवा दिसता कामा नये, त्याने उजळलेली वस्तू दिसली पाहिजे. आणि काय काळोखात ठेवायचं ते आधी ठरवा, कारण सगळंच उजळलं तर बघायला काही उरतच नाही. तुमच्याकडे आंबा हा मुख्य, बाकीचं त्याच्या मागून. आंब्याच्या बुंध्यापासून तीन-चार फुटांवर 7 ते 9 वॅटचे दोन स्पाइक लाइट (खिळ्यासारखे मातीत खोचायचे दिवे), एकमेकांपासून लांब, बीम म्हणजे झोताची रुंदी 36 अंशाच्या आसपास, म्हणजे खोड आणि पानांची खालची बाजू दोन्ही उजळेल. एकच लाइट दिला तर झाड चपटं दिसतं. माडाला मात्र रुंद बीम फुकट जातो, तिथे 10-15 अंशाचा अरुंद, 5 वॅटचा, खोडाला घासून वर जाणारा. फक्त बरोबर झावळ्यांखाली ठेवू नका, नारळ पडला तर फिटिंगचा चुराडा. चाफ्याला थेट लाइट देऊच नका, त्याच्या मागच्या भिंतीवर द्या, मग हिवाळ्यात पानं गळली की त्या वाकड्यातिकड्या फांद्या भिंतीवर काळ्या उमटतात, फार सुंदर दिसतं ते. भिंत पांढरी असेल तर 3 वॅटही पुरे.

आणि तुमच्या गच्चीचा फायदा घ्या. कठड्याच्या बाहेरच्या बाजूला एक 5 वॅटचा, झाकणवाला दिवा, आंब्याच्या फांद्यांमधून खाली अंगणात सोडलेला. फरशीवर पानांच्या सावल्या पडतात आणि वारा आला की हलतात. वाटेवरचं अर्धं काम तोच करतो.

रंग 2700 नाहीतर 3000 केल्व्हिन, म्हणजे पिवळसर, सगळीकडे एकच. तुळशीपाशी संध्याकाळी दिवा लावत असाल तर तिथे लाइट ठेवूच नका, त्या दिव्याचा उजेड दिसायला आजूबाजूला जरा अंधार लागतो.

तारकाम

वरचं सगळं बरोबर, आता मी वायरिंगवर बोलतो कारण मुंबईत बाहेरची लाइट जाते ती दिव्यामुळे कमी आणि जॉइंटमुळे जास्त. वायरमन काय करतो, दोन तारा पिळतो, काळी टेप गुंडाळतो आणि मातीत पुरून टाकतो, मे महिन्यात सगळं झकास चालतं आणि जुलैत पाणी टेपमधून आत शिरतं. ते तिथेच थांबत नाही, तारेच्या बारीक पदरांमधून केबलच्या आतून सरकत सरकत फिटिंगपर्यंत पोचतं, नंतर उघडून बघाल तर तांबं हिरवं झालेलं असतं. दुसरं म्हणजे लाइट चालू असताना फिटिंगमधली हवा तापून फुगते आणि वरून सर पडली की एकदम गार होऊन आकसते, तेव्हा ग्लँड (केबल आत शिरते तिथलं घट्ट बूच) जरा जरी ढिला असेल तर तिथूनच पाणी आत ओढलं जातं. त्यामुळे जमिनीत एकही जॉइंट नको. प्रत्येक फिटिंगची केबल अखंड, एचडीपीईच्या (जाड प्लास्टिकच्या) पाइपमधून, भिंतीवरच्या जंक्शन बॉक्सपर्यंत आणायची आणि बॉक्समध्ये केबल खालून घ्यायची, वरून कधीच नाही. एखादा जॉइंट टाळताच आला नाही तर जेल भरलेले कनेक्टर मिळतात, ते वापरा, टेप नको.

आयपी नंबर बघून घ्या, फिटिंग धूळ आणि पाणी किती अडवतं ते तो सांगतो. भिंतीवरच्याला आयपी65 चालतो, त्याला पाण्याचा फवारा सोसतो. जमिनीच्या पातळीत बसवायचा असेल तर किमान आयपी67, तो एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल असा टेस्ट केलेला असतो, आणि त्याच्याखाली फूटभर खडी भरा म्हणजे पाणी निचरून जाईल, साचलेल्या पाण्यात तो रात्रभर बसता कामा नये. खरं सांगू का, तुमच्याकडे गल्लीत पाणी भरत असेल तर जमिनीत काही बसवूच नका, स्पाइकवालेच बरे, काढून पुसता येतात.

12 व्होल्टचं विचारलंत. कमी व्होल्टेज चांगलंच, ओल्या मातीत कुणी हात लावला तरी धोका नाही. पण 12 पेक्षा 24 घ्या. 60 वॅटचा लोड 12 व्होल्टवर 5 अँपिअर ओढतो, 20 मीटर लांब दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या केबलवर जाऊन-येऊन साधारण 2.4 व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे शेवटच्या दिव्याला साडेनऊच उरले आणि तो मंद पेटणार. तेच 24 वर करंट निम्मा, जातात फक्त 1.2 व्होल्ट, फरक डोळ्याला कळत नाही. फिटिंगही 24 व्होल्टचेच घ्यायचे हे विसरू नका. ड्रायव्हर, म्हणजे घरच्या विजेचे 24 व्होल्ट करणारा डबा, ओट्याच्या आत भिंतीवर, जमिनीपासून चार फूट वर.

आणि बाहेरच्या सर्किटला वेगळा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच सप्लाय तोडणारा स्विच. एक तर जीव वाचतो आणि बाहेर काही ओलं झालं तर घरातले पंखे बंद पडत नाहीत. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबत जा.

गोराईची_सून

आमच्याकडे समुद्र अगदी जवळ आहे म्हणून सांगते, पार्ल्यातही खारी हवा येतेच. अ‍ॅल्युमिनियमचे पावडर कोटिंगवाले फिटिंग स्वस्त पडतात पण कुठे ओरखडा गेला की तिथून रंग फुगतो, आतून पांढरी पावडर निघते आणि मग काचेच्या रिंगचे स्क्रू सुटत नाहीत. पितळी घ्या नाहीतर 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टील, साधं 304 ग्रेडचं आमच्याकडे डाग धरतं. पितळ काळं पडतं पण सडत नाही. लोहार चाळीच्या बाजारात दोन्ही मिळतात, दुकानदाराकडून फिटिंग उघडून घ्या, आतलं रबराचं गॅस्केट आणि स्क्रू कशाचे आहेत ते बघा, कारण फिटिंग पितळी आणि स्क्रू लोखंडी असं सर्रास असतं.

सोलरचं म्हणाल तर तुमच्या अंगणात नको. आंब्याखाली ऊन येत नाही आणि जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं, बॅटरी नीट चार्जच होत नाही, म्हणजे घसरायची भीती असते नेमकं तेव्हा वाटेवर अंधार. गच्चीवर शोभेला लावायचे असतील तर लावा.

अंगण_पार्ले

खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. एकच राहिलं, मुलांना आंब्याच्या फांद्यांना वर्षभर लायटीच्या माळा गुंडाळायच्यात, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो क्लिप ठोकून कायमच्या करून देतो. चालेल का?

पानगळ

माळा कायमच्या नको, हात जोडून सांगतो. खिळे, क्लिपा तर अजिबात नको, सालीच्या लगेच खालून झाडाचा अन्नरस वाहत असतो, तिथेच जखम होते आणि पावसाळ्यात त्यातून बुरशी शिरते. गुंडाळलेली तार तशीच राहिली तर फांदी जाड होत जाते आणि तार तिच्यात रुतते. मुंबईत झाडांवरच्या रोषणाईविरुद्ध हायकोर्टात जनहित याचिका झाली होती आणि 2024 मध्ये बीएमसीने वॉर्डांना झाडांवरच्या माळा काढायला सांगितलं होतं, आणि खाजगी आवारातलं झाड म्हणून 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यातून सुटतं असंही नाही.

पण कायदा राहू द्या, झाडावर कोण कोण राहतं ते बघा. एप्रिल-मेमध्ये फळं धरली की वटवाघळं येतात, त्यांना अंधार लागतो. पाखरांना रात्र झाली हे कळायला लागतं. पतंग-किडे निळसर पांढऱ्या उजेडाकडे जास्त ओढले जातात, हे 6500 केल्व्हिन नको म्हणायचं आणखी एक कारण. उजेडकरांनी सांगितलेले खालचे स्पाइकसुद्धा रात्रभर ठेवू नका, साडेदहाला बंद करा. आणि केबलसाठी चर खणताना बुंध्यापासून शक्य तितकं लांब राहा, जाड मूळ लागलं तर ते तोडायचं नाही, पाइप त्याच्या खालून काढायचा. मुलांसाठी दिवाळीत माळा गच्चीच्या कठड्याला लावा, आकाशकंदील टांगाल त्याच बाजूला.

उजेडकर

पानगळ यांच्याशी सहमत, झाडावरच्या लायटी वेगळ्या स्विचवर घ्या आणि कंदील लावाल त्या दिवसांत बंदच ठेवा, कंदिलाला स्पर्धा नको. आणि एक, खरेदीआधी रात्री ट्रायल घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड आणि दोन स्पाइक लाइट उसने आणा, एक जण झाडाखाली लाइट हलवत राहील, दुसरा ओट्यावरून, हॉलच्या खिडकीतून आणि गेटमधून बघेल. हॉलमधली ट्यूब चालू ठेवून बघाल तर काचेत स्वतःचंच तोंड दिसेल, ती बंद करून बघा. शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये काय जातं तेही त्यांच्याकडे जाऊन बघून या, नाहीतर किमान विचारा, त्या बाजूच्या स्पाइकला पुढे नळीसारखं झाकण बसवता येतं.

तारकाम

हो, आणि सर्किट दोन करा. गेट, वाट आणि पायऱ्या फोटोसेलवर, अंधार पडला की आपोआप लागतील आणि उजाडेपर्यंत राहतील, आईंना स्विच शोधायला नको. झाडं टायमरवर. सगळं धरून 50 वॅटच्या आत बसतंय, सरासरी रोज पाच तास धरले तर महिन्याला सात-आठ युनिट. त्या 14 फ्लडचे 105 झाले असते. कॉन्ट्रॅक्टरला नवीन कोटेशन मागताना केबलचे मीटर, ड्रायव्हरचे वॅट आणि फिटिंगचा आयपी नंबर ओळीने लिहून मागा, आणि पाइप पुरायच्या आधी सगळ्याचे फोटो काढून ठेवा, कुठून काय गेलंय ते पुढे कधी खणायची वेळ आली तर लागेल.