अमेरिकेत सर्दीच्या गोळीला ओळखपत्र कायले लागते? मेडिकलवाल्यांनी सांगावं

धरमपेठचे काका:
मुलगी ओहायोत शिकते. नाक चोंदलं म्हणून दुकानात गेली, तर रॅकवर गोळ्यांऐवजी नुसतं कार्ड. ते घेऊन औषधाच्या काउंटरवर जायचं, पासपोर्ट दाखवायचा, सही करायची. पोरगी घाबरली, "बाबा, माझं नाव पोलिसात गेलं का?" पुढच्या महिन्यात आम्ही दोघं तिकडे जातोय. सर्दीच्या गोळ्या इथूनच न्याव्यात का? मला बीपीची गोळी सुरू आहे.

मानेवाड्याचा मेडिकलवाला:
काका, पोरीला सांगा, बिलकुल घाबरू नको. त्या गोळीत नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन असतं. त्यापासून मेथ नावाचा नशेचा माल बनतो. लोक दुकानं फिरून गोळ्या गोळा करायचे आणि घरातच भट्टी लावायचे. म्हणून तिथे 2006 पासून कायद्याने हे औषध काउंटरमागे गेलं. एका दिवसात 3.6 ग्रॅम, 30 दिवसांत 9 ग्रॅम, त्याहून जास्त विकता येत नाही. 30 मिलिग्रॅमच्या गोळ्या धरल्या तर महिन्याच्या किमान तीनशे होतात. सर्दीवाल्याला काही कमी पडत नाही.

पण तुम्ही स्वतः ती गोळी घेऊ नका. तिने बीपी वाढतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

ओरेगनमधली नागपूरकर:
आमच्या राज्यात तर 2006 पासून 2022 पर्यंत डॉक्टरची चिठ्ठीच लागायची. घरगुती भट्ट्या कमी झाल्या हे खरं, पण नशा काही कमी झाली नाही. मेक्सिकोतून दुसऱ्या रसायनांपासून बनवलेला माल येतो.

धरमपेठचे काका:
मग रॅकवर जे खुलं मिळतं ते काय?

मानेवाड्याचा मेडिकलवाला:
फेनिलेफ्रिन. माझा खरा राग यावरच आहे. निर्बंध आले तसं कंपन्यांनी स्यूडोएफेड्रिन काढून हे भरलं. सप्टेंबर 2023 मध्ये तिथल्या एफडीएच्या, म्हणजे औषध नियामकाच्या, तज्ज्ञ समितीने एकमताने सांगितलं की हे तोंडावाटे घेतलं तर चोंदलेलं नाक मोकळं होत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये एफडीएने ते चिठ्ठीशिवाय विकायच्या औषधांच्या यादीतून काढायचा प्रस्तावही मांडला. आपल्याकडे नागपुरात संदेश दवा बाजारातून खोक्यानं हेच येऊन राहिलं, पॅरासिटामोल आणि क्लोरफेनिरामाइनसोबत. ताप उतरतो, नाक वाहायचं कमी होतं, म्हणून लोकांना वाटते गोळी लागू पडली. गरीब माणूस गोळ्यांच्या पत्त्याचे पूर्ण पैसे देतो, त्यातलं एक औषध बिनकामाचं. मला हे रोज काउंटरवर खटकतं.

आणि आपल्याकडे नशेच्या धंद्याकडे होणारी गळती गिऱ्हाइकाच्या पिशवीतून नाही, कारखान्याच्या ड्रममधून होते. 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या कारखान्यातून टनांनी इफेड्रिन पकडलं. तेही स्यूडोएफेड्रिनच्या जातीचंच, त्यापासूनही मेथ बनतं. केंद्र सरकारच्या 2013 च्या आदेशाप्रमाणे ही रसायनं बनवणाऱ्याला नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरोकडे नोंदणी आहे, दर तिमाहीला हिशेब द्यायचा आहे. तो हिशेब गोदामात जाऊन ड्रम मोजून तपासायला हवा. माझ्या दुकानात येऊन पत्ते मोजून काय सापडणार?

धरमपेठचे काका:
नातू चार वर्षांचाही नाही, त्याच्यासाठी सिरप न्यावं का?

मानेवाड्याचा मेडिकलवाला:
नका नेऊ. क्लोरफेनिरामाइन-फेनिलेफ्रिनचं सिरप चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही, असं डिसेंबर 2023 मध्ये आपल्याच औषध नियंत्रकांनी सांगितलं आहे. सलाईनचे नाकात टाकायचे थेंब न्या. तुमच्या बीपीच्या गोळ्या मूळ पत्त्यातच, चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत ठेवा.