नाग नदीच्या पाण्यावरची भाजी बंद करायची का?

धरमपेठकर: नागपुरात पारडीच्या पुढे नाग नदीकाठी मोटरचा पाइप सरळ नदीत सोडलेला दिसतो. उन्हाळ्यात नदी म्हणजे निव्वळ शहराचं सांडपाणी. त्यावर पिकलेली भाजी बाजारात येते आणि कुठली म्हणून कोणी विचारत नाही. या पाण्यावर भाजीपाला लावायला सरसकट बंदी हवी.

वावरवाला: घाण तुमची अन् बंदी आमच्यावर? मे महिन्यात आमच्या विहिरी तळाला जातात, नदी मात्र तुमच्याच मोऱ्यांमुळे वाहते. भांडेवाडीच्या प्रक्रिया केंद्रात शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना. आमच्या वाट्याला काय उरतं ते पाहा भाऊ.

महालची सून: आम्ही मिठाच्या पाण्यात धुतो. आजवर काही झालं नाही बाप्पा.

लॅबवाली: मिठाच्या पाण्याने माती जाते, फार तर थोडे जंतू. इथे दोन वेगळे धोके आहेत. पहिला जंतूंचा. जागतिक आरोग्य संघटनेने 1989 मध्ये कच्च्या खायच्या पिकांसाठी 100 मिलिलिटर पाण्यात जास्तीत जास्त 1000 विष्ठाजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जंतू) ही मर्यादा सुचवली होती. प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्यात ते लाखो असतात. वांग्याची भाजी शिजते, पण सांभार (कोथिंबीर) आपण वरून कच्चाच भुरभुरतो. मुळा, काकडी, पातीचा कांदा तसेच. दुसरा धोका कॅडमियम, शिसं या विषारी धातूंचा. कॅडमियम मुळांवाटे पानांत जातं, मग धुवा की उकळा, निघत नाही. पालेभाज्यांत ते फळभाज्यांपेक्षा जास्त साठतं. म्हणून सरसकट नको, पालेभाज्या आणि कच्चं खायचं ते बंद करा. गोंडा (झेंडू), शेवंती अशी फुलं लावा.

वावरवाला: शेवंतीला दसरा-दिवाळीत भाव, बाकी वर्ष काय खायचं? पालक महिन्याभरात कापणीला येतो, रोख पैसे हातात.

धरमपेठकर: म्हणजे तुमच्या रोखीसाठी आमच्या पोरांनी कॅडमियम खायचं! माझं मत तेच, बंदी.

लॅबवाली: बंदी घातली तर रात्री मोटरी चालतील, एवढंच. निदान पाणी पानांवर न उडवता सरीतून द्या. कापणीच्या आधी काही दिवस पाणी तोडलं तर उन्हाने बरेच जंतू मरतात. धातूंना मात्र हा उपाय नाही, त्यासाठी माती तपासा.

वावरवाला: तपासली की. सरकारी माती तपासणीच्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक येतात, नत्र, स्फुरद, जस्त, तांबं. कॅडमियम अन् शिसं त्यात नाहीच. बाहेरून तपासायचं तर पैसे कोण देणार? अन् रिपोर्ट खराब आला तर माझ्या वावराला गिऱ्हाईक कोण आणून देणार, धरमपेठकर भाऊ?